थम! कौन आता है?

२६ जानेवारीच्या आधीचा रविवार. दिल्ली कँटच्या क्वार्टरमधून सौ.ला घेऊन करोलबागला निघालो होतो. मुलाला शाळेचे बूट आणि स्वेटर घ्यायचा होता. धौला कुआं ओलांडून पुढच्या सिग्नलला गाडी थांबली आणि नेहमीप्रमाणे काचेवर टकटक झाली. नऊ-दहा वर्षांचा पोरगा. हातात कागदी तिरंग्यांचा जुडगा, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मी सगळे करतात तेच केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि नजर सरळ पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवर.

पोरानं पुन्हा वाजवलं. मी मान हलवून नाही म्हटलं. तो खाली बोट दाखवून काहीतरी बोलत होता. मला वाटलं, पोट दाखवतोय. काच बंद, हीटर चालू. ऐकू काही येत नव्हतं आणि खरं सांगायचं तर ऐकायचंही नव्हतं. तो गाडीला वळसा घालून सौ.च्या बाजूला गेला. तिथंही वाजवलं. तिनं पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं, म्हणजे शोधण्याचं नाटक. सिग्नल हिरवा झाला. सुटलो.

करोलबागला गाडी लावून उतरलो तेव्हा कळलं. सौ.च्या साडीचा पदर दारात अडकून अर्धा हात बाहेर लोंबत होता. रस्त्याची सगळी काळी घाण त्यावर. चाकात गेला नाही हे नशीब. पोरगा तेच सांगत होता.

सौ. पदर झटकत एवढंच म्हणाली, "अहो, झेंडे विकायचे सोडून तो आपल्या मागं धावत होता." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. शहरात अनोळखी माणूस जवळ आला की आपण काय करतो, का करतो, आणि ज्याला आपण दानधर्म म्हणतो तो नक्की कशासाठी करतो.

वाचणाऱ्यांत माजी सैनिक बरेच आहेत, त्यांना पुढची गोष्ट सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. रात्रीच्या पहाऱ्यावर संतरीला कुणी येताना दिसलं तर तो आधी लांबूनच ओरडतो, "थम! कौन आता है?" समोरचा जागच्या जागी थांबतो आणि म्हणतो, "दोस्त." पण ड्रिल तिथं संपत नाही. संतरी पुढं म्हणतो, "दोस्त, पहचान के लिए आगे बढ़ो." मग तो माणूस पुढं येतो, संतरी त्याचा चेहरा बघतो, ओळख पटवतो आणि ठरवतो की सोडायचं की अडवायचं. रिक्रूट असताना आमच्या उस्तादांनी हे इतक्या वेळा घोकून घेतलं होतं की झोपेतही तोंडातून निघायचं. पहिलं वाक्य म्हणून दुसरं विसरला तर शिक्षा ठरलेली. कारण नुसतं "थम" म्हणून तोंड फिरवणारा संतरी काय कामाचा?

शहरात आपण सगळे तसलेच संतरी झालो आहोत. "थम" पाठ आहे, "आगे बढ़ो" विसरलो.

आता याची दुसरी बाजूही बघू. माणसाला स्वतःची जागा लागते, यात काही गैर नाही. एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं १९६६ साली 'द हिडन डायमेन्शन' हे पुस्तक लिहिलं. माणूस स्वतःभोवती न दिसणारी कुंपणं घेऊन फिरतो, असं त्याचं म्हणणं. साधारण दीड फुटाच्या आत फक्त अगदी जवळची माणसं. दीड ते चार फुटांत मित्र, ओळखीची माणसं. बाकीचे त्यापलीकडं. ही मापं त्यानं अमेरिकेतल्या माणसांवरून काढली होती, आणि दर समाजात ती वेगळी असतात, हेही त्यानंच सांगितलं.

आपल्याकडं दीड फूट म्हणजे चैन. मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणाऱ्याला अर्धी मांडी टेकायला मिळाली तरी तो देवाचे आभार मानतो. आम्हा फौजींचं तर विचारूच नका. बॅरकमध्ये एक चारपाई आणि खाली एक काळी ट्रंक, एवढंच आपलं राज्य. शेजारच्याचं घोरणं, त्याच्या मोज्यांचा वास, त्याच्या घरची भांडणं, सगळं आपल्याच हद्दीत. पण त्या एवढ्याशा राज्याचाही कायदा होता. दुसऱ्याच्या चारपाईवर विचारल्याशिवाय बसायचं नाही. "बैठूं क्या?" एवढं विचारलं की तोच सरकून जागा करायचा. न विचारता बसलास तर भांडण.

मग एक प्रश्न पडतो. लोकलमध्ये, मेट्रोत, बाजारात शंभर अनोळखी कोपरं आपल्याला लागतात. त्याचं आपल्याला काही वाटत नाही. पण सिग्नलला कुणी स्कूटरवरच्या गुडघ्याला हात लावला की अंगावर काटा येतो. का? माझं उत्तर असं की, आपल्याला अंग लागल्याचा त्रास होत नाही, मागितल्याचा होतो. गर्दीतला माणूस आपल्याकडं बघत नाही, आपणही त्याच्याकडं बघत नाही. तो एक अलिखित करार आहे. मागणारा तो करार मोडतो. तो आपल्याकडं बघतो. आपण आहोत हे त्याला दिसतं, आणि तो आहे हे आपल्याला बघायला लावतो.

म्हणून आपण जी दहाची नोट काढतो ती बऱ्याच वेळा त्याला दिलेली नसतेच. ते आपल्या दीड फुटाचं भाडं असतं. "हे घे आणि जा." 'जा' या शब्दासाठी दहा रुपये. त्यात दानाचा भाग फार थोडा. मी हे दुसऱ्यांना नावं ठेवायला लिहीत नाही. मी स्वतः कित्येक वर्षं हेच भाडं भरत आलोय.

लहानपणी आमच्या सातारा भागातल्या गावात मागणारे काय कमी यायचे? पहाटे मोरपिसांची टोपी घालून वासुदेव यायचा. कधी पोतराज, कधी वाघ्या-मुरळी, कधी कुडमुडे जोशी. आजी सुपातून मूठ-पसा धान्य घेऊन उंबऱ्याबाहेर जायची. "दान पावलं" असं तो म्हणायचा आणि देवांची नावं घ्यायचा. त्या घेणाऱ्याला नाव होतं, गाव होतं, यायची वेळ होती. आजी त्याला विचारायची, "का रं, औंदा उशीर केलास?" तो मागत होता, पण परका नव्हता.

मात्र गावाचं फार कौतुकही नको. कुणी ओट्यापर्यंत यायचं आणि कुणी अंगणाबाहेर उभं राहायचं हे तिथं जातीवर ठरलेलं होतं. काहींच्या झोळीत धान्य हातानं पडायचं, काहींच्या पदरात वरून टाकलं जायचं. पाणी तर वरूनच ओतायचे. तेव्हा अंतर ठेवून द्यायची कला आपण दिल्ली-मुंबईत शिकलो नाही. ती घरूनच घेऊन आलो. शहरानं फक्त मधे काच बसवली.

आता जी गोष्ट सांगायला इतके दिवस टाळत होतो, ती सांगतो.

बरीच वर्षं झाली. मी लान्स नाईक होतो. जम्मूकडून सुट्टीवर येत होतो. दिल्लीत एक काम होतं म्हणून दोन दिवस थांबून नवी दिल्ली स्टेशनवर झेलम एक्सप्रेसची वाट बघत होतो. अंगात सिव्हिल कपडे, बनियनच्या चोरखिशात सुट्टीचे पैसे. घरी फोन करून मराठीत बोललो, फोन ठेवला, तर मागं एक गृहस्थ उभे. पन्नाशीचे. डोक्याला रुमाल बांधलेला. "भाऊ, मराठी का?"

मी नुसता हुंकार दिला. ते म्हणाले, वडिलांच्या अस्थी घेऊन हरिद्वारला गेलो होतो. परत येताना दिल्लीच्या बस अड्ड्यावर खिसा कापला. बरोबर बायको आहे. भुसावळला जायचंय. मग जे म्हणाले ते मला आजही शब्दाशब्दाला आठवतं. "पैसे देऊ नका भाऊ, जनरलची दोन तिकिटं काढून द्या. तुमचा पत्ता द्या, मनिऑर्डर करतो."

मी नाही म्हणालो. त्याच्या वर्षभर आधी, दुसऱ्याच एका मोठ्या स्टेशनवर, असाच एक 'मराठी भाऊ' भेटला होता. त्याचंही पाकीट मारलं होतं, त्यालाही गावी जायचं होतं. मी तीनशे रुपये दिले. दोन तासांनी तोच माणूस दुसऱ्या फलाटावर दुसऱ्या कुणाला तीच कहाणी सांगताना दिसला. पलटणीत ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळे महिनाभर मला 'दानशूर' म्हणून हाक मारत होते. त्यामुळं या वेळी मी शहाणा होतो. त्यांनी डोक्यावरचा रुमाल थोडा सरकवून मुंडण केलेलं डोकं दाखवलं, तर मनात आलं, वा, तयारी चांगली आहे. मी ट्रंक उचलली आणि दहा पावलं पुढं जाऊन उभा राहिलो. फौजीची दहा पावलं. मोजून.

गाडी आली. माझा बर्थ वरचा होता. गाडी सुटल्यावर पाहतो तर डब्याच्या दारापाशी तेच गृहस्थ आणि त्यांची बायको. बाईंच्या मांडीवर एक पितळी तांब्या, तोंड कापडानं घट्ट बांधलेलं. गंगाजल. आमच्याही घरी तसाच तांब्या आला होता, आजोबांच्या वेळी.

टीसी आला. एकाच तिकिटाचे पैसे जमले होते, ते बायकोच्या नावावर, आणि तेही जनरलचं. गृहस्थांकडं तिकीट नव्हतं. मोडक्यातोडक्या हिंदीत ते सांगत होते. पिशवीतून मृत्यूचा दाखला काढून दाखवत होते. टीसी बिचारा त्याचं काम करत होता. सगळा डबा बघत होता. मी वर भिंतीकडं तोंड करून पडलो. जागा होतो.

माझ्याच खालच्या बर्थवर एक पंजाबी म्हातारी होती. एकटीच. तिनं आधी स्वतःचं गाठोडं उचलून बाकाखाली सारलं आणि त्या बाईंना म्हणाली, "आजा पुत्तर, बैठ." बाई बसल्या. मग गृहस्थांना खूण करून बसवलं. मग कमरेची थैली सोडून टीसीला म्हणाली, कितना हुआ? दंडासकट पैसे मोजून दिले. वरून डबा उघडून रोटी काढली. शेजारचा एक जण तिला हळूच म्हणाला, माताजी, ऐसे लोग झूठ बोलते हैं. ती म्हणाली, "उसका झूठ उसके पास, मेरी रोटी तो सच्ची है."

गृहस्थ पत्ता मागत राहिले. ती म्हणाली, मला काही पाठवू नकोस, कुठल्याही गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये टाक.

मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केलाय. म्हातारीनं पैसे दिले हे सगळ्यांना दिसलं. पण तिनं आधी जागा दिली होती. तिकिटाचा हिशोब व्हायच्या आत तिनं गाठोडं सरकवलं. ते दोघं डब्यात गुन्हेगारासारखे उभे होते. ती "बैठ" म्हणाली आणि ते प्रवासी झाले. पैसे ही नंतरची गोष्ट.

भुसावळला गाडी आली तेव्हा बाहेर अंधार होता. मी झोपेचं सोंग घेतलं. गृहस्थांनी म्हातारीच्या पायाला हात लावला. मग माझ्या बर्थपाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "येतो भाऊ. नीट जा." टोमणा नव्हता तो. रात्रभर एका डब्यात काढल्यावर माणूस निरोप घेतो तसा निरोप. टोमणा असता तर मी केव्हाच विसरलो असतो.

पुढं अमृतसरला पोस्टिंग आलं. पहिल्याच पगारात दरबार साहिबला जाऊन लंगरच्या नावानं दोन तिकिटांचे पैसे टाकले. हिशोब मिटल्यासारखं वाटलं नाही. पण तिथल्या लंगरमध्ये बसल्यावर त्या म्हातारीचं वागणं कळलं. जमिनीवर पंगत. गाडीतून उतरलेला शेठ आणि स्टेशनवर झोपणारा हमाल एका रांगेत, मांडीला मांडी. रोटी घ्यायची तर दोन्ही हात पुढं करावे लागतात. एका हातानं, दुसरीकडं बघत घेता येत नाही. वाढणारा वाकून वाढतो आणि थोड्या वेळानं तोच पंगतीत बसतो. देणारा कोण, घेणारा कोण, हे कळूच नये अशी ती सगळी मांडणी. अमृतसर-नांदेड सचखंड एक्सप्रेसनं गेलेल्यांना ठाऊक असेल, वाटेत काही स्टेशनांवर सेवादार डाळ-रोटी घेऊन डब्यापाशी येतात. तिथंही खिडकीतून हात येतो, पण तो द्यायला आलेला असतो. लोक डबे, ताटं पुढं करतात. कुणी विचारत नाही, तू गरजू आहेस का, शीख आहेस का.

आपल्या पलटणीतल्या भटारखान्यालाही लंगरच म्हणतात. बडाखान्याला अधिकारी जवानांबरोबर बसतात, त्यांना वाढतात. ही रीत आपल्याकडं आहे. कँटच्या गेटबाहेर पडलो की ती आत ठेवून येतो.

आता कुणी म्हणेल, भावनेवर जग चालत नाही. सिग्नलवर टोळ्या असतात, पोरांना मारून मागायला लावतात, दिलेला पैसा पोराच्या हातात राहत नाही. हे खरं आहे, आणि म्हणूनच मी लहान मुलांच्या हातात पैसे देत नाही. मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, कुठूनही लागते. पण टोळी आहे या शंकेवरून पोराकडं बघणंच बंद करायचं, हे कुठल्या कायद्यात बसतं? टोळीच्या तावडीत पोरगा असेल तर त्याच्याकडं जास्तच बघायला हवं.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर त्याचीही गंमत बघा. भीक मागण्यावर बंदी घालणारा जुना कायदा आपल्याच राज्यातला, १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा. पुढं तो दिल्लीलाही लागू झाला. पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षं सरकारी भिक्षेकरी गृहात डांबायची तरतूद, पुन्हापुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. आणि भीक म्हणजे काय? नुसतं हात पसरणं नाही. सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून, किंवा एखादी वस्तू विकण्याच्या निमित्तानं मागणं, तेही भीकच. म्हणजे आमच्या आजीचा वासुदेव शहराच्या रस्त्यावर उतरला की गुन्हेगार. कुडमुडे जोशीही गुन्हेगार. झेंडे विकणारं पोरगंही त्याच व्याख्येत ओढता येईल.

दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ साली दिल्लीपुरती या कायद्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवून रद्द केली. कोरोनाच्या काळात, २०२१ मध्ये, सिग्नलवरच्या भिकाऱ्यांना हटवा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली. लोक नाइलाजानं भीक मागतात, रस्त्यावरून त्यांना हटवण्याचा आदेश देणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. मला यात एवढंच दिसतं की, गरीब माणूस नजरेआड करायची आपली इच्छा फार जुनी आहे. सरकारनं ती कायद्यानं करून पाहिली, आपण काच वर करून करतो.

आणि आपण फौजींनी तर याबाबतीत जरा जास्तच जपून बोलावं. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ पासून चालू आहे. तांबडा, गडद निळा आणि फिकट निळा, असा छोटा झेंडा छातीला लावून लोकांकडून निधी गोळा होतो. युद्धात जायबंदी झालेले जवान, वीरपत्नी, माजी सैनिकांची कुटुंबं यांच्यासाठी. शाळेत असताना आपण सगळ्यांनी त्या डब्यात नाणी टाकली आहेत. तो डबा घेऊन फिरणाऱ्यावर कुणी काच वर करत नाही, करूही नये. पण नीट बघा. एक छोटा झेंडा, समोर धरलेला हात, आणि देणाऱ्यानं आपल्या खुशीनं दिलेलं नाणं. सिग्नलवरच्या पोराच्या हातातही झेंडाच होता. आपल्या मागं देश उभा आहे म्हणून आपल्या झेंड्याला मान मिळतो. त्याच्या मागं कुणी नाही, एवढाच फरक.

वर्दीत प्रवास करताना लोक सरकून जागा देतात, चहाचे पैसे घेत नाहीत. तेही दानच आहे, फक्त त्याला आपण मान म्हणतो. हे मी हलकं करायला सांगत नाही. ज्याला आयुष्यभर अनोळखी लोकांनी जागा करून दिली, त्यानं दुसऱ्यासाठी सरकायला वेळ लावू नये, एवढंच म्हणतोय.

निवृत्त झालेले आपले कितीतरी भाऊ आज पुण्या-मुंबईत सोसायट्यांच्या गेटवर सिक्युरिटीत आहेत. तिथं त्यांना काय सांगितलं जातं? मागणाऱ्याला गेटसमोर थांबू देऊ नका. सामान घेऊन येणाऱ्या पोरांना मागच्या लिफ्टनं पाठवा. ज्या हवालदारानं बर्फात उभं राहून "आगे बढ़ो" म्हटलं, त्याला शहर आता फक्त "थम" म्हणायचा पगार देतं. त्यांना माझी विनंती आहे. नोकरी आहे, नियम पाळा. पण ज्याला अडवाल त्याला तोंडभरून अडवा. "भाऊ, आत सोडता येत नाही" हे वाक्य म्हणायला पैसे पडत नाहीत.

हे सगळं सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुम्हाला काच खाली करणं सोपं आहे. मी एकटी रिक्षात असते, रात्री आठला सिग्नलला कुणी आत डोकं घालतो, तेव्हा मी काय पहचान पटवू?" बरोबर आहे. बाईला शहरात जी जागा राखावी लागते ती शिष्टपणाची नसते, सुरक्षेची असते. संतरीलाही हुकूम असतोच की, धोका वाटला तर जवळ येऊ द्यायचं नाही. तेव्हा माझं म्हणणं असं नाही की काच सतत खाली ठेवा. नजर खाली पाडू नका, एवढंच. काच बंद ठेवूनही माणसाकडं बघता येतं, मान हलवून नाही म्हणता येतं. ती स्वतः आता तसंच करते.

मी माझ्यापुरते काही नियम ठरवलेत. दुसऱ्यानं पाळावेत असा आग्रह नाही.

नाही म्हणायचं तर तोंडाकडं बघून म्हणायचं. द्यायचं तर हातात द्यायचं, टाकायचं नाही. लहान मुलाला पैसे नाहीत, भूक असेल तर खायला. तिकीट मागितलं तर तिकीटच काढून द्यायचं, पैशांची चर्चा नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फसायला तयार राहायचं. फायरिंग रेंजवर प्रत्येक गोळी टार्गेटला लागत नाही, तरी गोळ्या मिळतातच, कारण त्याशिवाय हात तयार होत नाही. तसे महिन्याला पाचशे रुपये मी फसण्यासाठी बाजूला काढतो. त्यातले काही खोट्या माणसाकडं जातीलच. जाऊ देत. एका लबाडानं तीनशे रुपये नेले, त्याचं मला आज काहीच वाटत नाही. पण त्याच्यावरचा राग मी ज्याच्यावर काढला, त्या माणसाचं भादरलेलं डोकं अजून डोळ्यासमोर आहे.

गेल्या आठवड्यात त्याच सिग्नलला पुन्हा थांबलो. २६ जानेवारी होऊन गेली होती, झेंड्यांचा हंगाम संपला होता. पोरगा होता की नाही कोण जाणे, चेहरा मी त्या दिवशी पाहिलाच नव्हता. ओळखणार कसा? फक्त चपला पाहिल्या होत्या. एक मुलगी पेनं विकत आली. काच खाली केली. पेन नको होतं, तसं सांगितलं. ती म्हणाली, "ठीक है अंकल," आणि मागच्या गाडीकडं गेली. मोजून चार सेकंद लागले.

आणि हो, आता सिग्नल लागला की सौ. आधी पदर बघते.

जय हिंद.